विज्ञानकथेचे बटण

१९९२ साली मी घाटकोपर पश्चिमेला एका केबलवाल्याकडे कामाला होतो. बारावीनंतर शिक्षण सुटले होते. इमारतीवरून इमारतीवर वायर ओढणे, पावसात बसलेला ॲम्प्लिफायर बदलणे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार फिरून वसुली करणे, ही तिन्ही कामे माझ्याकडे असत. मालकाने एका इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची खोली घेतली होती. तिला आम्ही कंट्रोल रूम म्हणत असू. बाहेर मोठी डिश, आत रिसीव्हरची उतरंड, एक व्हीसीआर आणि बारा महिने उकाडा. कोणती वाहिनी कोणत्या बटणावर टाकायची हे त्या खोलीत ठरे. मालक ठरवीत आणि मी स्क्रूड्रायव्हर फिरवीत असे.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला अमेरिकेत फक्त विज्ञानकथांना वाहिलेली एक वाहिनी सुरू झाली. तिचे नाव सायफाय चॅनल. मला हे कळले ते बऱ्याच वर्षांनी, रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका इंग्रजी मासिकातून. शाळकरी वयापासून मी विज्ञानकथांचा वेडा, त्यामुळे बातमी वाचून हेवा वाटला. पण त्यातली एक ओळ मनात रुतून बसली. ही वाहिनी काढणारे मिच रुबेनस्टाइन आणि लॉरी सिल्व्हर्स हे नवरा-बायको लेखक नव्हते, की शास्त्रज्ञ नव्हते. ते फ्लोरिडातले वकील होते आणि त्यांचा धंदा होता केबलचा.

म्हणजे आमच्याच जातकुळीची माणसे! मग तिथल्या केबलवाल्याला जे सुचले आणि जमले, ते इथे का झाले नाही? मुंबईची उपनगरे म्हणजे तर टीव्हीचे माहेरघर. अंधेरीत निर्मात्यांची कार्यालये आणि संकलनाच्या खोल्या, गोरेगावला चित्रनगरी, मढ-मालाडला चित्रीकरणाचे बंगले. या पट्ट्यातून हजारो तासांच्या मालिका निघाल्या, पण विज्ञानकथेची वाहिनी निघाली नाही. गेली काही वर्षे मी या प्रश्नामागे आहे. जे हाती लागले ते इथे मांडतो.

तिकडची वाहिनी

रुबेनस्टाइन दांपत्याने ही कल्पना १९८९ मध्ये मांडली. सल्लागार मंडळावर आयझॅक असिमॉव्ह आणि 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडेनबेरी अशी दोन दिग्गज नावे होती. वाहिनी सुरू होईपर्यंत दोघेही राहिले नाहीत. रॉडेनबेरी ऑक्टोबर १९९१ मध्ये गेले, असिमॉव्ह एप्रिल १९९२ मध्ये. त्यामुळे पडद्यावर सर्वांत आधी उमटली ती या दोघांना वाहिलेली अर्पणपत्रिका, आणि मग 'स्टार वॉर्स' हा चित्रपट.

नवरा-बायकोंना एकट्याने हे पेलणारे नव्हते. सुरुवात होण्यापूर्वीच वाहिनी यूएसए नेटवर्कने घेतली. या नेटवर्कची मालकी तेव्हा पॅरामाउंट आणि युनिव्हर्सल या दोन चित्रपट कंपन्यांकडे होती. एकीकडे 'स्टार ट्रेक', दुसरीकडे 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन'चे जुने चित्रपट. कपाटात माल तयार होता, त्याला दुकान मिळाले. पहिली काही वर्षे वाहिनी मुख्यतः या जुन्या मालावर चालली. स्वतःचे मोठे काम पुढे आले. २००० मध्ये 'ड्यून'वरची लघुमालिका आली आणि २००३ पासून 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'.

जुना माल दाखवून वाहिनी इतकी वर्षे तग कशी धरते? याचे उत्तर वसुलीत आहे. अमेरिकेत केबलवाला प्रत्येक जोडणीमागे दरमहा ठरावीक पैसे वाहिनीला देतो. रक्कम काही सेंटची असते, पण ती लक्षावधी घरांतून येते. मुख्य म्हणजे ज्या घरात विज्ञानकथा कुणी पाहत नाही, त्या घराच्या वर्गणीतूनही वाहिनीचा वाटा निघतो. कुस्ती पाहणारा विज्ञानकथेला पोसतो आणि विज्ञानकथेचा वेडा स्वयंपाकाच्या वाहिनीला. जाहिरात आली तर ती वरकमाई. थोड्यांच्या आवडीची वाहिनी उभी राहते ती या वाटणीवर.

लोभ मात्र तिथेही सुटला नाही. २००६ मध्ये याच वाहिनीवर कुस्तीचे सामने आले. ७ जुलै २००९ ला तिने नावाचे स्पेलिंग बदलून घेतले. 'सायफाय' हा शब्द सर्वांचा, त्यावर मालकी सांगता येत नव्हती. शिवाय नुसत्या विज्ञानकथांच्या चाहत्यांपलीकडचा प्रेक्षकही हवा होता. २०१८ मध्ये तिने 'द एक्सपान्स' ही गाजलेली मालिका बंद केली आणि ती ॲमेझॉनने उचलली. असे असले तरी पंचवीस-तीस वर्षे तिथल्या मुलाला एक गोष्ट ठाऊक होती: अमुक बटण दाबले की विज्ञानकथा भेटणार.

आमचा रविवार

आमच्या वाट्याला आला तो एखादा तास. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि रंग आला १९८२ मध्ये. त्यानंतर दोन-तीन वर्षांत रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' दिसू लागले. मालिका १९६६ ते १९६९ मधली, एकूण ७९ भागांची. आमच्यापर्यंत पोचायला तिला पंधरा-सोळा वर्षे लागली. चाळीत तीन घरांत टीव्ही होता. इंग्रजी संवाद आमच्यातल्या कुणालाच धड कळत नसत. पण माणूस एका जागी विरघळतो आणि दुसरीकडे उमटतो, हे समजायला भाषा लागत नव्हती. पुढे वाचनात आले की प्रत्येक भागात यान ग्रहावर उतरताना दाखवणे परवडत नव्हते, म्हणून ही विरघळण्याची युक्ती काढली गेली. तंगीतून निघालेली ही युक्तीच मालिकेची ओळख ठरली.

'जायंट रोबो', 'ही-मॅन' हेही त्याच दशकातले. १९८९ मध्ये आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' आली. संगणकाच्या नादी लागलेली मुले आणि त्यांच्यापुढे उलगडणारे अद्भुत असा तिचा घाट होता. आजचा निर्माता-दिग्दर्शक करण जोहर तीत किशोरवयीन कलाकार म्हणून दिसतो. त्याच सुमारास 'स्पेस सिटी सिग्मा' आली. कॅप्टन तारा आणि खलनायक जखाकू ही नावे घेतली की आज पन्नाशी गाठलेल्या माणसांचे चेहरे उजळतात. 'स्टार ट्रेक'ची छाप उघड होती. पण हुकूम हिंदीतून, हे आम्हाला नवे होते.

१९९८ मध्ये केतन मेहता यांनी 'कॅप्टन व्योम' आणली. मिलिंद सोमण नायक, काळ बाविसाव्या शतकाचा, आणि तुरुंगातून पळालेल्या बारा गुन्हेगारांचा ग्रहांवरून ग्रहांवर पाठलाग. संगणकावर चित्रे रचण्याची कला मुंबईत तेव्हा बाळसे धरत होती, तिची ही जाहीर परीक्षा होती. २००२ मध्ये मुकेश खन्ना यांची 'आर्यमान' आली. त्यांचाच 'शक्तिमान' १९९७ ते २००५ चालला. त्यात योगशक्ती अधिक आणि विज्ञान कमी, तरी त्याचा प्रेक्षक हाच.

दूरदर्शनने विज्ञानाकडे पाठ फिरवली असे मात्र म्हणता येणार नाही. चंदिता मुखर्जी यांची 'भारत की छाप', यशपाल यांच्या सहभागाने गाजलेला 'टर्निंग पॉइंट', जयंत नारळीकरांची 'ब्रह्मांड' ही मालिका, हे सारे तिथेच झाले. विज्ञान समजावून सांगणाऱ्याला तिथे जागा होती. विज्ञानाच्या आधाराने 'समजा असे झाले तर?' विचारणाऱ्याला ती कधीमधीच मिळाली.

यामागे रचनेचाही भाग होता. 'हम लोग'पासून प्रायोजित मालिकांची पद्धत रूढ झाली. निर्मात्याने मालिका आणायची, प्रायोजकाने पैसा घालायचा. तेरा आठवड्यांचा हप्ता मंजूर व्हायचा, मग मुदतवाढीची वाट पाहायची. अंतराळयानाचा सेट तेरा भागांत कधी वसूल होणार? त्यामुळे प्रत्येक निर्मात्याने शून्यापासून सुरुवात केली. एकाने बांधलेले यान दुसऱ्याच्या कामी आले नाही.

बटणांचा हिशेब

आता पुन्हा गच्चीवरच्या खोलीत येऊ. १९९१ मध्ये एशियासॅट-१ उपग्रहावरून स्टार टीव्ही आला, २ ऑक्टोबर १९९२ ला झी. बहुतेक घरांतल्या संचांना तेव्हा आठ किंवा बारा बटणे असत. त्यांतली दोन दूरदर्शनची, एक आमच्या व्हीसीआरवरच्या चित्रपटांचे. उरलेल्या बटणांसाठी आकाशातल्या वाहिन्यांत मारामारी. जी वाहिनी पहिल्या सहा-सातात नाही ती जुन्या संचावर दिसतच नसे. पुढे वाहिन्या वाढल्या तशा चांगल्या बटणासाठी केबलवाल्यांना पैसे मिळू लागले. अमेरिकेत केबलवाला वाहिनीला पैसे देत होता. इथे वाहिनी केबलवाल्याला देऊ लागली. ही उलटी गंगा फार महत्त्वाची आहे.

दुसरी गोष्ट सांगताना थोडी लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. मी वसुलीला जात असे त्या घरांची संख्या आणि मालक वाहिन्यांना कळवीत ती संख्या यांचा मेळ नसे. वहीत चारशेवर घरे असली तर कागदावर शंभरही नसत. हे एकट्या आमच्याकडे नव्हते. जोडण्या लपवणे हा तेव्हाच्या धंद्याचा सर्रास रिवाज होता. परिणाम असा की प्रेक्षकाने भरलेली वर्गणी वाटेतच जिरायची, वाहिनीच्या हाती थेंबभर लागायची. मग वाहिनी जगणार कशावर? फक्त जाहिरातीवर. जाहिरातदार विचारतो, किती डोळे? हे डोळे मोजायचे काही हजार घरांत बसवलेल्या मीटरवरून. अशा मोजणीत थोड्यांची आवड दिसतच नाही. मुलुंडमधली दोनशे घरे एखाद्या मालिकेसाठी जीव टाकत असतील, पण त्यांतल्या एकाही घरात मीटर नसेल, तर हिशेबात ती दोनशे घरे नाहीतच.

नव्वदच्या दशकात स्टार प्लसवर 'एक्स फाइल्स' होती, हिंदीत बोलणारी यंत्रमुलगी विकी 'स्मॉल वंडर'मध्ये होती. ३ जुलै २००० रोजी त्याच वाहिनीवर 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' एकाच दिवशी सुरू झाले. त्यांचे आकडे पाहिल्यावर दुसरे काही करून पाहण्याची निकड कुणालाच उरली नाही. इंग्रजी मालिका वेगळ्या इंग्रजी वाहिन्यांवर गेल्या आणि आमच्या वस्तीतून जवळजवळ दिसेनाशा झाल्या.

ऑक्टोबर २०१२ अखेर मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. बटणांची टंचाई संपली, जोडण्या लपवणे अवघड झाले. विज्ञानकथेची वाहिनी निघायची तर खरी वेळ ही होती. पण दोन दशकांत सवय पडली होती ती पडलीच. प्रत्येक समूहाने तीच वाहिनी चार भाषांत काढली. परदेशी थरारमालिका दाखवणारी एएक्सएन ३० जून २०२० ला भारतातून बंद झाली, तोपर्यंत तरुण प्रेक्षक मोबाइलवर गेला होता. मीही बॉक्स आल्यावर ते काम सोडले. आता मुलुंडला टीव्ही दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे.

खर्चाची सबब

अंधेरी-गोरेगावच्या मंडळींना विचारले की एकच उत्तर मिळते: 'परवडत नाही.' त्यात तथ्य आहे. रोजच्या मालिकेचा दिवाणखाना एकदा उभा केला की त्याच सोफ्यावर पाचशे भाग निघतात. विज्ञानकथेला दर आठवड्याला नवे जग लागते.

पण हे खरे आहे ते यानांच्या कथांबाबत. मराठी विज्ञानकथा वाचणाऱ्याला ठाऊक आहे की तिच्यात याने थोडी आणि घरे पुष्कळ. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना २४ एप्रिल १९६६ ची. चुनाभट्टीचे तिचे विज्ञान भवन आमच्या घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर. १९७४ मध्ये परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर सापडतात. पुढे १९७९ मध्ये त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथांनी तो प्रवाह रुंद केला. फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने काढला.

या कथांचा 'सेट' कोणता? दवाखाना, प्रयोगशाळा, सोसायटीतला फ्लॅट. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतला इतिहासाचा प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतो, जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. हे दाखवायला काय लागते? एक रेल्वेचा डबा, एक ग्रंथालय, आझाद मैदान आणि त्यावरचे एक व्यासपीठ. 'उजव्या सोंडेचा गणपती'त माणसाच्या डाव्या-उजव्याची अदलाबदल होते. तिथे खर्च येईल तो एका मूर्तीचा आणि एका आरशाचा.

मग खर्च हे कारण कसे? गूढकथेला तर मराठी वाहिन्यांनी हात दिला. रत्नाकर मतकरींची 'गहिरे पाणी' आली, नारायण धारपांच्या कथांवर 'अनोळखी दिशा' आली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेसुद्धा १९८७ मध्ये दूरदर्शनवर सायकल मारून गेला. विज्ञानकथा मात्र मराठी वाहिन्यांवर रुजली नाही. भुताला बजेट लागत नाही, तसे समांतर विश्वातल्या पानिपतालाही फारसे लागत नाही. फरक एवढाच की भूत पाहणाऱ्यांचे आकडे आधीपासून मांडलेले होते. विज्ञानकथेला 'ही कोण पाहणार?' असे विचारले गेले, आणि न दाखवल्यामुळे त्याचे उत्तर कधी मिळालेच नाही.

कागद आणि फीत

कंट्रोल रूममधल्या व्हीसीआरवर मी १९८९ ते २००० या काळात मिळेल ते भरून ठेवले होते. आधीची काही वर्षे मित्राच्या घरचा व्हीसीआर वापरला. 'सिग्मा'चे काही भाग, 'इंद्रधनुष', 'व्योम' अशा एकंदर बेचाळीस कॅसेट झाल्या. पाठीवर पट्ट्या चिकटवून तारखा घातलेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमची खोली तळमजल्यावर. कंबरभर पाणी दुसऱ्या दिवशी ओसरले तेव्हा पलंगाखालच्या खोक्यात चिखल होता. फिती उलगडून, पुसून, गॅलरीत दोरीवर वाळत घातल्या. बायको काही बोलली नाही, चिमटे आणून दिले. आठवड्याभरात फितींवर बुरशी चढली. एकही कॅसेट वाचली नाही.

मोठ्या संस्थांकडे तरी असतील, असे वाटणे साहजिक आहे. पण जुन्या काळी फीत महाग, म्हणून दूरदर्शनमध्ये एकावर दुसरे ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत होती आणि त्यात पुष्कळ काही पुसले गेले. २०२० च्या टाळेबंदीत 'शक्तिमान' पुन्हा दाखवला गेला, 'व्योम'चे भाग सापडतात. सर्वांचे नशीब तसे नाही.

याउलट कागद पाहा. गेल्या पंधरा वर्षांत मुलुंड, ठाणे, दादर इथल्या रद्दीवाल्यांकडून मी विज्ञानकथा असलेले दिवाळी अंक गोळा केले. 'नवल', 'धनंजय' आणि कितीतरी. पाने पिवळी पडली आहेत, पण कथा शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत आहे. हे अंक चाळताना माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले, आणि ते पुन्हा वसुलीतच निघाले.

दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची. अंकाला जाहिरात लागते हे खरे. पण त्याला दुसरा आधार आहे तो वर्गणी घेऊन अंक फिरवणाऱ्या आपल्या वाचनालयांचा. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत अशी वाचनालये होती, काही अजून आहेत. दिवाळीची वर्गणी भरली की सारे अंक पाळीपाळीने घरी येतात. भविष्य वाचणाऱ्या काकूंच्या पैशांतून विज्ञानकथेचा अंक विकत घेतला जातो, आणि माझ्या पैशांतून पाककृतींचा. रुबेनस्टाइन दांपत्याची वाहिनी ज्या वाटणीवर उभी राहिली, नेमकी तीच ही वाटणी, आणि आपल्याकडे ती केबलच्या कितीतरी आधीपासून होती. कुणी कथेमागे मीटर लावले नाही, कुणी वर्गणी वाटेत लपवली नाही. म्हणून नारळीकरांपासून आजच्या नव्या लेखकांपर्यंत विज्ञानकथेला दरवर्षी ठरलेली जागा मिळत राहिली. मराठीतले विज्ञानकथेचे बटण टीव्हीवर नव्हते, ते इथे होते.

समाधान मानून इथेच थांबता आले असते. पण नारळीकर २० मे २०२५ ला गेले, आणि त्या रात्री माझ्या दुकानात बसलेल्या अकरावीतल्या मुलाने विचारले, "काका, त्यांच्या गोष्टींची सिरीयल नाही का कुठे?" त्याला इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात गंगाधरपंत भेटले होते. मी जुना अंक काढून दिला. त्याने तो नेला, वाचला, परत आणला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्याला गोष्ट हवी होतीच, पण घरच्यांच्या सोबत बसून पाहायलाही हवी होती. आम्ही तीन टीव्हींच्या चाळीत पाहत होतो तशी.

तेव्हापासून दुकानाच्या गल्ल्यात एक वही ठेवली आहे. एक घर, एक प्रयोगशाळा आणि लोकलचा एक डबा एवढ्यात बसतील अशा मराठी विज्ञानकथांची तीत यादी आहे. प्रत्येकीपुढे पात्रे किती, जागा किती, हे लिहिले आहे. यादी मुद्दाम तेरा कथांची केली आहे, दूरदर्शनच्या जुन्या हप्त्याइतकी. पहिल्या क्रमांकावर गंगाधरपंत आहेत. आझाद मैदानावर रविवारी सकाळी क्रिकेटची गर्दी असते, त्यामुळे चित्रीकरण सोमवारी ठेवावे, असेही शेजारी लिहून ठेवले आहे.